बिनगिअरची सायकल नावाची थाप

सिंगलस्पीड सायकलीला आपण 'बिनगिअरची सायकल' म्हणतो. ही थाप आहे. तिला गिअर असतो. एकच असतो, आणि तो तुमच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला असतो. कधी कारखान्यातल्या जुन्या साच्याने, कधी दुकानदाराकडे पडून असलेल्या मालाने, आणि हल्ली बऱ्याचदा इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या फोटोने. पुढच्या चक्राला किती दाते आणि मागच्या चक्राला किती, या दोन आकड्यांवर तुमची रोजची सायकल सुखाची होणार की शिक्षेची, हे ठरतं. नेमके हेच दोन आकडे आपण दुकानात विचारत नाही. रंग विचारतो, डिस्क ब्रेक आहे का विचारतो, स्टँड फुकट मिळेल का तेही विचारतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या आणि मिरवल्या जाणाऱ्या बऱ्याच एकगिअरी सायकलींचा गिअर गरजेपेक्षा जड असतो. तो जड ठेवण्यामागे विचार कमी आणि मिजास जास्त असते. आणि त्या मिजाशीची किंमत भरतात ती माणसं, ज्यांचं ओझं सगळ्यात जास्त आणि ज्यांना कुणी विचारत नाही.

आधी हिशेब

गणित पाचवीतलं आहे. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. पुढे ४८, मागे १६ असतील तर गुणोत्तर ३. म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचं चाक तीनदा फिरतं. रोडबाइकच्या ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढे जाते. आकडा जितका मोठा, तितका गिअर जड: एका फेऱ्यात जास्त अंतर, पण त्या फेऱ्याला जोरही तितकाच जास्त. निसर्ग इथे सवलत देत नाही.

आता आपली काळी सायकल घ्या. दूधवाल्याची, पोस्टमनची, आजोबांची, २८ इंची चाकाची. तिच्यावर ४४ आणि १८ ही जोडी सर्रास दिसते. गुणोत्तर २.४४, चाक थोडं मोठं, म्हणून एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. नव्या चकचकीत फिक्सीवर ४६-१६ किंवा ४८-१६ असतं, म्हणजे सहा मीटर किंवा त्याहून जास्त. आणि ७०० सी चाकावर ४२-१८ लावलं तर? गुणोत्तर २.३३, एका फेऱ्यात ४.९ मीटर. त्याच चाकावर ४८-१६ ढकलायला ४२-१८ पेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त जोर लागतो. प्रत्येक फेऱ्याला, प्रत्येक सिग्नलला, दररोज.

इंग्रजीभाषक देशांत हा गिअर अजूनही इंचांत मोजतात, आणि त्यामागची गोष्ट माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. साखळीवर चालणारी सायकल रुळण्याआधी, म्हणजे १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' येण्याआधी, पुढे अवाढव्य चाक आणि मागे चिमुकलं चाक अशी उंच सायकल चालायची. पायडल थेट पुढच्या चाकालाच. चाक जितकं मोठं, तितकी सायकल वेगवान. पण चाक किती मोठं घ्यायचं याला मर्यादा होती ती तुमच्या पायाच्या लांबीची. पाय पायडलपर्यंत पोचला पाहिजे ना! त्यामुळे सायकल घेताना आधी माणसाचा पाय मोजावा लागे. पुढे साखळी आली, मापं तीच राहिली: आजच्या सायकलीचा गिअर किती इंच उंच चाकाच्या बरोबरीचा, असं म्हणायची पद्धत पडली. त्या हिशेबाने २७ इंची चाकावरचा ४८-१६ म्हणजे ८१ इंच. पावणेसात फूट उंचीचं चाक! तेव्हाच्या दुकानदाराने तुम्हाला असल्या चाकावर बसवलंच नसतं, कारण तुमचा पायच पोचला नसता. साखळीने ती अडचण दूर केली, आणि तिच्याबरोबर पाय मोजण्याची सवयही गेली.

चाळीस फेऱ्यांची कसरत

जड गिअरवाले म्हणतात, वेग हवा तर गिअर मोठा हवा. बघू या.

पाय मिनिटाला ८० फेरे मारत असतील, तर ४८-१६ वर ताशी ३० किलोमीटर वेग मिळतो. कागदावर छान. पण लक्ष्मी रोडवर, सेनापती बापट रस्त्यावर, दादरला टिळक पुलावर कोण ३० ने जातंय? रिक्षा जात नाही. सिग्नल, खड्डा, गतिरोधक, अचानक उघडणारं गाडीचं दार आणि उलट दिशेने येणारा दुचाकीवाला यांच्यामधून तुम्ही ताशी १५ ने चालला असाल, तर त्या गिअरवर तुमचे पाय मिनिटाला फक्त ४० फेरे मारत असतात. ही सायकल चालवणं नाही, जिना चढणं आहे. चढावर वेग आठवर आला की मिनिटाला २१ फेरे. तीन सेकंदांत एक फेरा. एवढ्या संथ फेऱ्याला सगळा भार गुडघ्यावर येतो, कंबर डावी-उजवी हलते, हँडल ओढून ओढून खांदे भरून येतात. मग माणूस घरी येऊन म्हणतो, 'सायकल आपल्याला झेपत नाही.' झेपत नव्हता तो गिअर. बदनाम झाली सायकल, आणि त्याहून वाईट म्हणजे बदनाम झालं शरीर.

हलक्या गिअरवर काय गमावलं तेही मोजू. ४२-१८ वर ८० फेऱ्यांना ताशी साडेतेवीस. जरा जोर काढून मिनिटाला ११० फेरे मारले तर ताशी ३२. शहरात याहून जास्त वेग तुम्हाला कुठे वापरायचा आहे? उतारावर पाय स्थिर ठेवा, फ्रीव्हील आपलं टर्रर्र करत राहील.

विक्रमवीरांची साक्ष

इथे हमखास ट्रॅकवरचे विक्रमवीर साक्षीला काढले जातात. काढा. १९७२ साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं, तेही एकाच गिअरवर, ५२-१४ वर. भयंकर जड गिअर. आता भागाकार करा. एका फेऱ्याला साधारण ७.८ मीटर, म्हणजे तो तासभर मिनिटाला सुमारे १०५ फेरे मारत होता. आपल्या रीलमधला वीर मर्क्सकडून दाते उसने घेतो आणि फेरे विसरतो. मर्क्सचं मोठेपण त्या फेऱ्यांत होतं. शिवाय तो समुद्रसपाटीपासून खूप उंचावर, विरळ हवेत, गुळगुळीत बंदिस्त ट्रॅकवर होता. त्या तासात त्याला एकही सिग्नल लागला नाही आणि एकही म्हैस आडवी आली नाही.

दुसरा साक्षीदार टूर द फ्रान्स. ही शर्यत १९०३ साली सुरू करणाऱ्या आँरी देग्राँजला चालू सायकलीचा गिअर बदलण्याचं वावडं होतं. त्याच्या मते तो पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा मामला. चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारं डिरेलर टूरमध्ये चालू झालं ते थेट १९३७ साली. तोवर ते पोलादी पायांचे गडी आल्प्स आणि पिरेनीज एकाच गिअरवर चढत होते, अशी आपली रोमँटिक समजूत असते. प्रत्यक्षात त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असत. चढ सुरू झाला की गडी खाली उतरायचे, चाक काढायचे, फिरवून हलक्या बाजूने बसवायचे आणि पुन्हा निघायचे. शर्यत चालू असताना! ज्यांच्या नावाने आज मर्दानगी सांगितली जाते, त्यांना हलका गिअर लावायला लाज वाटत नव्हती. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. घाट लागल्यावर तो राजा काय करतो? हलका गिअर टाकतो.

इंग्लंडमधल्या जुन्या सायकल क्लबांत तर 'मीडियम गिअर' नावाच्या शर्यती होत. त्यांत ७२ इंचांपेक्षा जड गिअर लावायलाच मनाई असे. जोर कमी लावा, पाय भरभर आणि गोल फिरवा, हे कसब मानलं जाई. आपल्याकडच्या नव्या फिक्सीप्रेमींना हा भाग कुणी सांगितलेला दिसत नाही.

४८-१६ आणि टायरवरचा एक डाग

फिक्सीबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण तिथे प्रश्न गुडघ्यापुरता राहत नाही. फिक्सीचं मागचं चक्र चाकाला घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय मध्येच थांबवता येत नाहीत. या सायकलीचं जे काही सौंदर्य आहे ते यातच आहे: रस्ता थेट पायाला कळतो. पण याच गुणाच्या जोरावर ब्रेक काढून टाकण्याची फॅशन आली. पायडल उलटं दाबायचं, मागचं चाक जाम करायचं, घसरत थांबायचं, व्हिडिओ टाकायचा.

ही फॅशन भागाकारात नापास होते. ४८-१६ चा संक्षिप्त अपूर्णांक ३/१. म्हणजे पायडल विशिष्ट जागी असताना मागचं चाक दर वेळी त्याच एका जागी असतं. तुम्ही नेहमी त्याच पायाने चाक जाम करता, म्हणून टायर दर वेळी त्याच एका ठिकाणी घासला जातो. नवा टायर, आणि थोड्याच दिवसांत एका जागी आतले धागे दिसायला लागतात. ४४-१६ चा संक्षिप्त अपूर्णांक ११/४, घासण्याच्या जागा चार. ४६-१६ म्हणजे २३/८, जागा आठ. ४७-१७ ला आणखी संक्षेपच होत नाही, जागा सतरा. एका दात्याच्या फरकाने टायरचं आयुष्य कितीतरी पट वाढतं. तरी दिसायला देखणा, सांगायला सोपा म्हणून ४८-१६ लोकप्रिय आहे.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की गिअर जितका जड तितकं फिक्सीला पायाने रोखणं अवघड. आणि मागचं चाक एकट्याने कितीही जाम केलं तरी सायकल लवकर थांबत नाही. थांबताना वजन पुढे झुकतं, मागच्या टायरची पकड सुटते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. फिक्सीवर हलका गिअर लावला की उतारावर पाय वेड्यासारखे फिरतात. ४२-१८ वर ताशी ४५ च्या वेगाने उतरलात तर मिनिटाला दीडशेच्या वर फेरे. हे धोक्याचं आहे. पण याचं उत्तर जड गिअर लावून चढावर गुडघे मोडणं हे असू शकत नाही. पुढचा ब्रेक लावा आणि उतारावर वेग आवरा. ब्रेकशिवायची फिक्सी ट्रॅकवर शोभते. सिंहगड रस्त्यावर ती चालवणाऱ्याची हौस असते आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजींच्या जिवावर बेतते.

शहर चढलं, दाते तेच राहिले

आतापर्यंत हौसेच्या सायकलींबद्दल बोललो. पण ज्यांच्यासाठी सायकल हौस नाही, त्यांचं काय?

पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हाचं पुणं बऱ्याच अंशी नदीकाठच्या पेठांचं होतं. त्या सपाटीला काळ्या सायकलीचा ४४-१८ चालून जात होता. मग शहर टेकड्यांकडे सरकलं. बावधन, पाषाण, धायरी, कात्रज, कोंढवा. त्यात उड्डाणपुलांचे चढ आले. माणसांची घरं चढावर गेली, कामं चढावर गेली. सायकलीच्या मागच्या चक्रावर मात्र तेच १८ दाते. शहराने सायकल मारली असं आपण म्हणतो, ते खरंच आहे: रस्ते, मोटारी, धूर, सगळं खरं. पण सपाट गावासाठी केलेली सायकल तशीच डोंगराळ शहरात ढकलत राहिलो, हेही त्यात धरा.

चढावर काळ्या सायकलीला दोन गॅस सिलिंडर अडकवून पायी ढकलत नेणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन. भरलेलं एक सिलिंडर साधारण ३० किलो भरतं. दोन म्हणजे ६०. सायकलीचं वजन वेगळं. या सायकलीवर आणि कॉलेजात रिकाम्या कॅरिअरने जाणाऱ्या मुलाच्या सायकलीवर दात्यांची एकच जोडी असावी, हे कुठलं शहाणपण? 'त्यांना सवय असते' असं एक वाक्य आपल्याकडे फार सहज फेकलं जातं. सवय गुडघ्यांना होत नसते. सवय आपल्या डोळ्यांना झालेली असते.

तीच गोष्ट बायकांच्या सायकलींची. फ्रेमला खालची दांडी दिली, पुढे टोपली लावली, रंग गुलाबी केला, की झाली लेडीज सायकल! पाय लहान, म्हणून पायडलचा दांडा आखूड हवा, गिअर हलका हवा, हा विचार टोपलीइतकाही होत नाही. शेल्डन ब्राऊन नावाचा एक अमेरिकन सायकल मेकॅनिक होता, २००८ साली गेला. सायकलीच्या यंत्रशास्त्रावर त्याने सामान्य माणसासाठी आयुष्यभर लिहिलं. गिअर मोजताना पायडलच्या दांड्याची लांबीही धरा, कारण शेवटी प्रश्न तुमचा पाय किती फिरला आणि सायकल किती पुढे गेली हाच आहे, असा आग्रह धरून त्याने मोजण्याची वेगळी पद्धत मांडली. ती गिअरइंचांइतकी रुळली नाही. पण त्याचा मुद्दा पक्का आहे: ज्या मोजमापात माणसाचं शरीर धरलेलं नाही, ते माणसाच्या वाहनाचं मोजमाप अपुरं आहे.

मग किती?

'कुठला गिअर चांगला?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, पण ठरवण्याची रीत आहे. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ डोळ्यांपुढे आणा. सकाळचा ताजा चढ नको. संध्याकाळचा आणा, काम करून दमल्यावरचा, पाठीवर लॅपटॉप किंवा कॅरिअरला भाजी असताना. तो चढ सीटवर बसून, न थांबता, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावासा वाटेल असा चढता आला पाहिजे. हे ज्यावर जमतं, तो तुमचा गिअर. त्याहून जड गिअर दुसऱ्याचा.

सुरुवातीला धरायचे आकडे सांगतो. ७०० सी चाकावर, सपाट वाटेला २.३ ते २.५. वाटेत खरे चढ असतील तर २ ते २.२. ओझं न्यायचं असेल तर २ किंवा त्याच्याही खाली. काळ्या सायकलीवर पुढचं ४४ तसंच ठेवून मागे १८ ऐवजी २० दात्यांचं फ्रीव्हील लावलं तर गुणोत्तर २.२ होतं, २२ लावलं तर २. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे फ्रीव्हील काढायचं हत्यार असतं. चेनला कदाचित एखाद-दुसरी कडी जोडावी लागेल, चाक थोडं पुढेमागे सरकवून चेनचा ताण जमवावा लागेल. सगळं मिळून एका मध्यम पिझ्झाच्या आसपास खर्च. मागच्या हबला दोन्ही बाजूंना आटे असतील तर आणखी सोपं: एका बाजूला १६, दुसऱ्या बाजूला १८ किंवा २०. रविवारी घाटाकडे निघताना चाक फिरवून लावा. टूरवाले तेच करत होते.

दुकानदार म्हणेल, 'त्यापेक्षा गिअरवालीच घ्या की, २१ गिअर आहेत.' ज्याला हवी त्याने जरूर घ्यावी. पण त्या २१ मधले कितीतरी गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की वेगळे मोजण्यात अर्थ नसतो. शिवाय स्वस्तातलं डिरेलर पावसाळ्याच्या चिखलात कुरकुरायला लागतं आणि त्याची देखभाल महाग पडते. एकच गिअर ही गरिबी नाही. नीट निवडलेला एक गिअर म्हणजे कमी बिघाड, कमी खर्च, कमी वजन. न निवडलेला एक गिअर म्हणजे मात्र दुसऱ्याच्या मापाचा बूट.

सायकली बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. फ्रेमवर विजेची, वाघाची, आगीच्या ज्वाळांची स्टिकर चिकटवता, तिथेच बोटभर जागेत दोन आकडे छापा: पुढे किती, मागे किती. आणि विकताना मागच्या चक्राचे दोन-तीन पर्याय ठेवा. बुटाचं माप विचारता, शर्टाचं विचारता. ज्या यंत्रावर माणूस रोज हजारो वेळा पाय दाबणार, त्याचंही विचारा.

तोवर तुम्ही एवढं करा. आज सायकल स्टँडवर लावा, मोबाइलचा टॉर्च पेटवा, चक्राच्या एका दात्यावर खडूने खूण करा आणि मोजा. पुढचे, मग मागचे. भागाकार करा. आकडा तीनच्या जवळ असेल आणि तुमच्या वाटेत चढ असेल, तर शनिवारी सायकलवाल्याकडे जा आणि मागचं चक्र बदलून घ्या. मित्र हसतील. पुढच्या सोमवारी चढावर ते खाली उतरलेले असतील आणि तुम्ही सीटवर बसलेले असाल, तेव्हा घंटी वाजवा.